गौरीचं दूध

गौरीच्या जन्माच्या वेळी अनघाचं रक्त फार गेलं. यवतमाळच्या दवाखान्यात बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तेव्हा कुठे ती वाचली, पण अंगावर दूध म्हणून आलंच नाही. सासूबाईंनी शतावरी दिली, अळिवाची खीर केली, मेथीचे लाडू केले. काही उपयोग झाला नाही. मग गाईचं दूध पाणी घालून सुरू केलं. आठवड्याभरात पोरीच्या अंगावर चट्टे उठले, दुपट्यात शीबरोबर रक्त दिसायला लागलं.

"हिला दुधाचंच वावडं आहे," डॉक्टर म्हणाले. "गाय, म्हैस, बकरी, काहीच चालणार नाही. बाजारातले साधे डबेही नकोत, त्यांत गाईचंच दूध असतं. सोयाबीनच्या पावडरीचा डबा मिळतो, तोच द्या. सहा महिन्यांची होईपर्यंत दुसरं काही नाही."

घाटंजीत तो डबा मिळण्याची जागा एकच होती, बाजार ओळीतलं निजामुद्दीनचं किराणा दुकान. अनघाचा नवरा क्षितिज तहसील कचेरीत कारकून होता. कचेरीतून येताना तो डबा घेऊन यायचा. सुरुवातीला तीन कंपन्यांचे डबे होते. त्यातला एक गौरीला पचत नव्हता, दुसरा महाग होता, म्हणून तिसरा, हिरव्या झाकणाचा ठरला. पोरीचे चट्टे गेले, गाल भरले. सुहासिनीबाई, म्हणजे अनघाच्या सासूबाई, शेजारणींना बोलावून नात दाखवायला लागल्या.

ते दोन हजार सहा साल होतं. आदल्या हंगामात कापसाला भाव मिळाला नव्हता, आणि या हंगामात श्रावणातल्या पावसानं कपाशीची पऱ्हाटी उभ्या उभ्या पिवळी पडली. कापूस शेतकऱ्याचा, पण त्याच्यावर अख्खं गाव जगत होतं. निजामुद्दीनच्या फळ्यांवर ते आधी दिसलं. पूर्वी त्याच्याकडे साबणाचेच सात-आठ प्रकार असत, चहाच्या पुड्या असत, तेलाचे पाऊच असत. हळूहळू साबणाचे दोन राहिले, चहाचा एक. जे उरलं त्याची किंमत दर महिन्याला वर जात होती. रिकामी जागा दिसू नये म्हणून निजामुद्दीन पाकिटं लांब लांब मांडायचा, तरी मागची भिंत दिसायचीच.

सोयाच्या डब्यांपैकी महागडा आधी गेला. मग हिरव्या झाकणाची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं विकत घेतली आणि तो डबा महाग झाला. भाद्रपदात एक दिवस क्षितिज रिकाम्या हातानं घरी आला. दुसऱ्या दिवशी अनघा स्वतः गेली.

"वहिनी, यवतमाळची एजन्सी पेटीच्या खाली माल देत नाही," निजामुद्दीन म्हणाला. "अन् घाटंजीत हा डबा घेणाऱ्या तुम्ही एकट्याच."

"मी अख्खी पेटी घेते. सगळे डबे घेते."

"घ्याल जी तुम्ही. पण त्यायनं गाडीच बंद करून टाकली. म्हणते, घाटंजीच्या धंद्यात डिझेलचा खर्च निघून नाही राह्यला. काय सांगाव त्यायले? लोकं साबणाची वडी अर्धी कापून मागून राह्यले माह्यापाशी."

"यवतमाळात?"

"मी फोन केलता कालच. तिथंबी नाही."

घरी अर्ध्याहून कमी डबा शिल्लक होता. अनघानं तो पुरवायला घेतला. डब्यात मापाचा चमचा होता, तो सपाट भरून घ्यायचा असं लिहिलेलं होतं. ती भरलेला चमचा डब्याच्या काठावर हलकेच आपटायची, म्हणजे थोडी पावडर परत आत पडायची. मग पाण्याच्या तेवढ्याच मापाला एक चमचा कमी टाकायला लागली. बाटली तेवढीच दिसायची, पांढरी दिसायची, गौरी ती संपवायची आणि थोड्या वेळात पुन्हा रडायला लागायची. क्षितिजनं विचारलं तर ती म्हणायची, दात येत असतील.

पुढच्या तपासणीला यवतमाळच्या डॉक्टरांनी गौरीला काट्यावर ठेवलं आणि आकडा बघून पुन्हा एकदा ठेवलं.

"पाणी जास्त घालता का?"

"नाही," अनघा म्हणाली. मग तिला तिथेच रडू फुटलं. क्षितिजला तोपर्यंत काहीच माहीत नव्हतं. तो बायकोकडे बघत राहिला. परतीच्या एसटीत पोरगी त्यानंच मांडीवर घेतली. घाटंजी जवळ आल्यावर एवढंच म्हणाला, "मला सांगायचंस गं."

वणीला मिळेल, असं कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं. वणी कोळशाच्या खाणींचं गाव. तिथल्या लोकांचा पगार कापसावर नाही. क्षितिजच्या कचेरीत रजा बंद होत्या, रोज कुठल्या ना कुठल्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या आत्महत्येचे कागद यायचे आणि चौकशीच्या कमिटीबरोबर त्याला जावं लागायचं. म्हणून गौरीला सासूबाईंजवळ ठेवून अनघा एकटीच निघाली. पांढरकवड्याला गाडी बदलून वणीला पोचेपर्यंत दुपार झाली.

पहिलंच दुकान बघून तिला वाटलं, आपलं काम झालं. काचेचं दार, आत ट्यूबलाइट, आणि फळ्या खालपासून वरपर्यंत भरलेल्या. शांपूच्या बाटल्यांची रांगच्या रांग, लोणच्याच्या बरण्या, कुत्र्याच्या बिस्किटांचे तीन प्रकार. बाळांच्या डब्यांसाठी एक अख्खी फळी होती. ती एकेक डबा उचलून त्यावरचं बारीक लिहिलेलं वाचत गेली. सगळे दुधाचे.

"सोयाचा कोण घेते ताई?" दुकानदार म्हणाला. "चालत नव्हता. नव्या कंपनीनं बंद केला. आता यायचा नाही."

"म्हणजे कुठेच?"

"आमच्याकडं तं नाही येणार. हा घ्या ना, यालेच मागणी हाय."

ती पुढच्या दुकानात गेली, तिथून पुढच्या. सगळीकडे फळ्या भरलेल्या आणि सगळीकडे तेच उत्तर. तिला एकदा असं वाटलं की यातला कुठलाही एक डबा उचलून जोरात खाली आपटावा. ती तशीच चालत राहिली. बसस्टँडच्या मागच्या बोळात एका जुन्या दुकानात म्हातारा मालक स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून धूळ बसलेला एक डबा काढून त्यानं तिच्यासमोर ठेवला. झाकण हिरवं होतं. छापील किमतीवर कागदाची चिठ्ठी डकवून दुसरी, जवळजवळ दुप्पट किंमत लिहिलेली. तळाशी तारीख असते तिथं पत्रा खरवडलेला होता.

"तारीख दिसत नाहीये," अनघा म्हणाली.

"पुसली जाते कधी कधी. बंद डबा हाय. नको असंल तर ठेवून द्या."

तिनं डबा घेतला. परतीच्या गाडीत तो मांडीवर धरून बसली आणि सारखी तळाकडचा खरवडलेला पत्रा अंगठ्यानं चाचपत राहिली.

घरी डबा उघडला तेव्हा पावडर पिवळट, गुठळ्या झालेली होती. कढईत राहून गेलेल्या जुन्या तेलाचा वास येत होता. सुहासिनीबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकली.

"हे नाही द्यायचं पोरीला."

"गाळून घेते मी. गुठळ्या काढून टाकते."

"अनघा, खवट झालंय हे."

"मग काय देऊ? सांगा ना, आई, काय देऊ मी तिला?"

सुहासिनीबाई उठल्या. त्यांनी डबा उचलला, मोरीत उपडा केला आणि वरून बादली ओतली. अनघा धावली. मोरीत बसून ती दोन्ही हातांनी तो लगदा गोळा करायला लागली, आणि सासूबाई तिचे हात धरून ओढायला लागल्या. दोघी ओल्या झाल्या. शेवटी अनघाचा जोर संपला. पाळण्यात गौरी रडत होती. इतके दिवस मोठ्यानं रडायची, आता आवाज बारीक झाला होता, आणि तो ऐकवत नव्हता.

त्या रात्री गौरीला तांदळाची पातळ पेज पाजली. प्यायली तेवढी सगळी तिनं ओकून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनघा पोरीला कडेवर घेऊन पुन्हा निजामुद्दीनच्या दुकानात गेली. काही मिळणार नाही हे तिला माहीत होतं, पण घरात बसवत नव्हतं. गल्ल्यावर निजामुद्दीनची बायको कमरुन्निसा होती. समोर एक बाई उभी होती, कडेवर वर्षाच्या आतलं पोर, हातात तेलाची रिकामी बाटली.

"खुलं तेल बंद झालं, रुपीबाई," कमरुन्निसा तिला सांगत होती. "आता फक्त लिटरचा पाऊच येतो."

"लिटर मी कायले घेऊ? मले आजच्या भाजीपुरतं पाह्यजे."

"लहान पाऊच कंपनीच देत नाही आता."

रुपीबाई जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. दरवर्षी याच दिवसांत ती कापूस वेचायच्या कामाला लागायची, यंदा वेचायला कापूस नव्हता. ती बाटली पदराखाली घेऊन वळली आणि तिला गौरीचं रडणं ऐकू आलं.

"काहून अशी रडते ही?"

अनघानं सांगायला सुरुवात केली आणि तिला बोलता येईना. बाकीचं कमरुन्निसानं सांगितलं. मग ती गल्ल्यावरून उठून बाहेर आली.

"भाभी, एक बोलू? आमच्यात दूधमाँ असते. मी बीमार होती तेव्हा माझ्या आमिरला माझ्या जेठानीनं पाजलं. त्यात शरम कसली? पोर जगलं पाहिजे." तिनं रुपीबाईकडे पाहिलं. "तुला दूध आहे ना अजून?"

रुपीबाईनं तेलाची बाटली फळीवर ठेवली. मग तिनं आपलं पोर कमरुन्निसाच्या हातात दिलं.

"आणा इकडं," ती म्हणाली.

दुकानाच्या मागच्या खोलीत, साखरेच्या पोत्याला टेकून, तिनं गौरीला पदराखाली घेतलं. आधी गौरीला कळलंच नाही काय करायचं. तिनं तोंड फिरवलं, पुन्हा रडली. रुपीबाईनं बोटानं तिच्या ओठांवर थेंब लावला. मग ती ओढायला लागली, इतक्या जोरानं की रुपीबाईनं दात आवळले. अनघा समोर फरशीवर बसली होती. पोरगी झोपेपर्यंत ती तिथून हलली नाही.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, त्या बाईचं रक्त तपासून घ्या, ठीक निघालं तर याहून चांगलं काही नाही. रक्त ठीक निघालं. रुपीबाई रोज सकाळी तांड्यावरून यायची, संध्याकाळी जायची, आणि रात्रीपुरतं दूध वाटीत काढून ठेवायची. क्षितिजनं रोजी ठरवून दिली. पहिल्या दिवशी सुहासिनीबाई अनघाला आत बोलावून म्हणाल्या, "तिला म्हणावं, येताना आंघोळ करून येत जा."

"ती करूनच येते, आई. तुम्ही सांगा हवं तर. मी नाही सांगणार."

त्यांनी सांगितलं नाही. पंधरा दिवसांत गौरीचा आवाज परत आला. सुहासिनीबाई नातीचे दंड चाचपून बघायच्या आणि रुपीबाईला जवळ बसवून जेवायला वाढायच्या. बाईनं खाल्लं तरच दूध टिकेल, म्हणून त्यांनी खास शेजारच्या गवळ्याकडून जास्तीचं दूध लावलं. सकाळी दुधाचा चहा, दुपारी भातावर तूप, जाताना पेलाभर दूध. रुपीबाई पहिल्यांदा लाजली, मग घ्यायला लागली.

आणि आठवड्याभरात गौरीच्या दुपट्यात पुन्हा रक्त दिसलं.

अनघानं ते दुपटं धुतलं नाही, तसंच हातात घेऊन बसून राहिली. डॉक्टर म्हणाले होते याहून चांगलं काही नाही, आणि आता तेही चालेना. क्षितिजनं कचेरीतून यवतमाळला फोन लावला. डॉक्टरांनी एकच विचारलं, ती बाई काय खाते?

"रुपीबाई," अनघानं विचारलं, "तुमच्या घरी तुम्ही काय खाता?"

"काय खाव? भाकर, चटणी. तुरीचं वरण असलं तर वरण."

"आणि चहा?"

"कोरा. दुधाचा कोण पेते बाई? दुधाचा भाव काय झाला तुमाले मालूम नाही काय? माह्या घरी वर्ष झालं दूध आलं नाही."

अनघाला सगळं एकदम कळलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, पाजणारी जे दूध पिते ते तिच्या अंगातून बाळाला जातं. रुपीबाईचं दूध पोरीला चाललं, कारण रुपीबाईला महागाईनं दूध बघायला मिळत नव्हतं. आता ते तिला सांगायला हवं होतं. सुहासिनीबाई म्हणाल्या, मी नाही सांगू शकत, माझ्या हातानं वाढलेलं मी कसं काढून घेऊ. अनघानंच सांगितलं. रुपीबाईच्या समोर तेव्हा चहाचा कप होता.

तिनं सगळं ऐकून घेतलं. कप थोडा पुढं सरकवला.

"म्हंजे तुमच्या घरी येऊनबी मी कोराच चहा प्याव."

"हो," अनघा म्हणाली. तिला मान वर करवेना.

रामधन, रुपीबाईचा मुलगा, चौकटीला धरून उभा राहायचा प्रयत्न करत होता. तो दहा महिन्यांचा होता, पण त्याचा हात गौरीच्या हातापेक्षा बारीक होता. अनघाला ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा दिसलं.

"मंग माह्या वाटचं यालेच देत जा," रुपीबाई म्हणाली. "याचं दूध तुमची पोरगी पेते, तर तुमच्या घरचं हा पेईन."

तसं सुरू झालं. सुहासिनीबाई रोज रामधनला मांडीवर घेऊन वाटी-चमच्यानं दूध पाजायच्या. तो सांडायचा, त्यांचं लुगडं भरायचं, त्या हसायच्या. रुपीबाई कोरा चहा आणि शेंगदाण्याचे लाडू खायची. गौरीचं रक्त थांबलं. कामरगावला त्यांची बहीण राहायची, तिला सुहासिनीबाईंनी फोनवर सांगितलं की आमच्याकडे आता दोन लेकरं आहेत.

दिवाळी झाली आणि रुपीबाईचा नवरा उत्तमसिंग एका सकाळी तिच्याबरोबर आला. दाराबाहेरच उभा राहिला. म्हणाला, मुकादमाची गाडी येणार, कोल्हापूरकडं ऊस तोडायला जायचं आहे.

क्षितिजनं त्याला आत बोलावलं. रोजी वाढवून देतो म्हणाला, दुप्पट देतो म्हणाला. उत्तमसिंगनं शांतपणे ऐकलं.

"साहेब, तुमी चांगले मानसं हा. पन कोयता जोडीचा असते. एकट्या गड्याले मुकादम नेत नाही. तिनं तोडाव, मी तोडाव, मोळी बांधाव. इथं कापूस असता तर आमी कायले गेलो असतो? दुकानात मीठ घ्याले गेलो तर तेबी महाग, अन् काम तर कुठंच नाही."

"एक महिना. फक्त एक महिना थांबू द्या तिला."

"महिन्यानं गाडी नाही येत."

अनघा रुपीबाईकडे वळली. "तुम्ही थांबा ना. तुम्ही दोघं मायलेक इथंच राहा, आमच्याकडे."

रुपीबाईनं गौरीला पाजता पाजताच उत्तर दिलं. "मी थांबली त त्यायनं काय खाव? तांड्यावर दोन पोरी हायत मोठ्या. तुमच्या घरी माहं पोट भरते बाई, याचं भरते. त्यायचं कोन भरन?"

अनघा रामधनची वाटी भरायला आत गेली.

गौरीला सहावा महिना पुरा व्हायला आला होता. डॉक्टर म्हणाले, मूग-तांदळाची पेज घोटून सुरू करा. सुहासिनीबाईंनी मूग-तांदूळ भाजून दळून ठेवले. पण गौरी चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटून घ्यायची, आणि रुपीबाईचा आवाज ऐकला की तिकडं झेपावायची.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रक गावाबाहेरच्या नाक्यावर उभा होता. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या, वर बसलेली माणसं. रुपीबाईनं ट्रकच्या सावलीत बसून गौरीला शेवटचं पाजलं. सुहासिनीबाईंनी दोनदा उकळलेलं दूध किटलीत भरून आणलं होतं. "दुपारपर्यंत पाज याला," त्या म्हणाल्या, "मग नासेल." पुढं काय पाजायचं हे त्यांनी विचारलं नाही, रुपीबाईनंही सांगितलं नाही. मुकादमानं हाक मारली. रुपीबाईनं गौरीला अनघाच्या हातात दिलं, पदर ओढला आणि चाकावर पाय देऊन वर चढली. रामधनला कुणीतरी खालून वर दिलं. तो सुहासिनीबाईंकडं बघून हात पसरत होता.

घरी आल्यावर दुपारपर्यंत गौरी झोपली. उठली ती भुकेनं. अनघानं पेज कालवली, कोमट केली, चमचा तोंडाशी नेला. गौरीनं तो उडवला. पुन्हा नेला, पुन्हा उडवला. ती दाराकडं बघून रडत होती. सुहासिनीबाईंनी घेतली, क्षितिजनं कचेरीतून लवकर येऊन घेतली, खिडकीशी नेली, गाडी दाखवली. ती कुणाचंच ऐकेना. पेज थंड झाली, अनघानं नवी केली. तीही थंड झाली.

दिवे लागायच्या सुमारास गौरी थकली. अनघाच्या मांडीवर आडवी पडून नुसतं हुंदके देत होती. अनघानं चमचा धरला, तिनं तोंड फिरवलं नाही. पेज आत गेली. अर्धी बाहेर आली. अर्धी तिनं गिळली आणि आईकडं बघत राहिली, जणू हे कुणी केलं ते बघत होती.

"गिळलं गं," सुहासिनीबाई हळूच म्हणाल्या.

अनघानं दुसरा चमचा भरला. तिला हायसं वाटायला हवं होतं, ते वाटत नव्हतं. ट्रक आता कुठवर गेला असेल, किटलीतलं दूध संपलं असेल का, हेच मनात येत होतं. गौरीनं तोंड उघडलं. अनघानं चमचा आत घातला.